देवरावची मशीन टिकली पाहिजे

धूळ ओढणारी मशीन देवरावच्या घरात आली, त्या दिवसापासून पुंडलिकला अन्न गोड लागेनासं झालं.

खरं तर देवरावच्या क्वार्टरात त्या मशीनला करण्यासारखं काहीच नव्हतं. फरशीला झाडू पुरत होता. पण भिलाईच्या पोलाद कारखान्याचं काम आटोपून मायदेशी निघालेल्या एका रशियन साहेबानं ती देऊन टाकली, तेव्हा देवरावनं दुर्गच्या बाजारातून मुद्दाम एक सतरंजी आणली. मशीनला खायला काहीतरी हवं. ड्युटीवरून आला की तो दार सताड उघडं ठेवून सतरंजी साफ करायचा. धुळीला बसायलासुद्धा सवड मिळत नसे.

पुंडलिकचं क्वार्टर मधलं. डावीकडे देवराव, उजवीकडे हिरालाल. तिघंही कारखान्याच्या एकाच दुरुस्ती-शॉपात. जळालेल्या मोटरी नव्या तारेनं गुंडाळायचं काम पुंडलिकचं. दुरुस्त मोटरी साहेबापुढे नेऊन ठेवायचं काम देवरावचं, कारण देवरावला रशियनचे अकरा शब्द येत होते. पुंडलिकला एकही येत नव्हता. अकरा शब्दांवर माणूस मशीन मिळवतो आणि शेकडो मोटरी जिवंत करणाऱ्याशी साहेब नुसता हात मिळवून जातो. प्रश्न मशीनचा नाही, न्यायाचा आहे, असं तो बायकोला, वच्छलाला, रोज सांगे. वच्छला भाकरी थापत हो म्हणे.

मग एका शनिवारी डाव्या भिंतीतली घरघर अचानक बंद पडली. पुंडलिक त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

संध्याकाळी देवराव मशीन काखोटीला मारून दारात उभा.

"जयभीम, पुंडलिकभाऊ. पाह्य बरं इले काय झालं."

पुंडलिकनं मोटर उघडली. फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजून नखाएवढा उरला होता. बाकी मोटर ठणठणीत. दहा मिनिटांचं काम. त्यानं मोटरीचा वास घेतला, मान हलवली आणि जड आवाजात म्हणाला, "आर्मेचर गेलं दिसते."

देवरावचा चेहरा पडायला हवा होता. तो खुलला.

"गेलं तं गेलं. दुसरा एक साहेब पुढच्या महिन्यात जाऊन राह्यला. त्याची मशीन नवीकोरी, हिरवी. मले देतो म्हणे. मीच म्हटलं, घरात दोन कायले पाह्यजे? आता रस्ता मोकळा झाला."

पुंडलिकनं खाली ठेवलेला पेचकस पुन्हा उचलला.

"थांब. गेलं दिसते म्हटलं. गेलं, असं नाही म्हटलं."

रविवारची सुट्टी त्यानं अंगणात मोटरीला वाहिली. फोरमनला विचारून आणलेला, क्रेनच्या मोटरीचा टाकाऊ कार्बन त्यानं कानशीनं घासून मापात आणला. आर्मेचरच्या तांब्याच्या कड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून त्याच्यावर घासत कार्बनला बाक दिला. एवढ्यावर मोटर चालली असती. पण नुसती चालून भागणार नव्हतं. पुन्हा बंद पडली की हिरवी मशीन आलीच. म्हणून त्यानं बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं, गुंडाळणीला वार्निश चढवलं, उन्हात वाळवलं. वीस वर्षं हिला काही व्हायला नको, असं तो पुटपुटत होता. इतकं भलं त्यानं देवरावचं आजवर कधी चिंतलं नव्हतं.

"आपला पंखा चैत महिन्यापासून बंद हाय," वच्छला म्हणाली. "त्याले कधी एवढा जीव नाही लावला तुमी."

पंख्याची गोष्ट वेगळी, तो म्हणाला.

सोमवारी मशीन अशी सुरू झाली की सतरंजीचं टोकच तोंडात ओढून बसली. देवराव खूश झाला. चार दिवसांनी तो मुद्दाम सांगायला आला.

"साहेबाले सांगून टाकलं, मले नवी नको. आमच्या पुंडलिकनं जुनीच नवी करून देल्ली. मंग कोणाले देऊ म्हणे. म्हटलं, हिरालालले द्या."

पुंडलिकनं घसा साफ केला. "हिरालालले कावून?"

"तुहं नाव आलं होतं ना मनात. पण तुह्या घरी सतरंजी कुठी हाय?"

महिनाभरानं एका संध्याकाळी दोन्ही भिंतींतून घरघर सुरू झाली. उजवीकडची नवी असूनही जरा खरखरत होती. डावीकडची एकसारखी, गुळगुळीत, कुठे अडखळ नाही. असं काम या लायनीत दुसरा कोणी करू शकला नसता, हे पुंडलिकला घामाघूम होऊन ऐकत बसावं लागलं.

वच्छलानं पदरानं वारा घेतला आणि बंद पंखा उचलून त्याच्यापुढे आणून ठेवला.

"हा आपल्याच घरचा हाय," ती म्हणाली, "तरी पाहून घ्या."