आधी बांधीत कोण उतरलं

"खोड ते," आई म्हणाली. "मी काही उद्योजिका-बिद्योजिका नाही. मी बाया पाठवते कामावर. तेच लिही."

शनिवारची सकाळ होती. पवनीच्या आमच्या ऑफिसात मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि समोर आई लसूण सोलत होती. कंपनीला तीस वर्षं होत आली, तर वेबसाइटवर तिची ओळख असावी, हा हट्ट माझा. 'रोवणी मनुष्यबळ सेवा' हे नाव मात्र तिचं. त्या नावात मला भातलावणीचा चिखल दिसायचा. तो दिसलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं. आज आमची चारशेच्या वर माणसं दवाखान्यांत, राईस मिलमध्ये, कारखान्यांत कामाला आहेत.

"मग सुरुवात कुठून करू?"

"आसगावातून कर. तुहे बाबा गेले, तवा मी रोवणीच्या बायाइची म्होरकी झाली. धानाच्या बांधीत आधी मी एकटी उतरो. चिखल किती खोल हाय, काच-काटा हाय का, प्यायचं पाणी कुठं हाय. मंग बायाइले हाक मारो. आजबी तेच करते. त्यात काय लिहायचं एवढं?"

तेच तर लिहायचं होतं. नवी जागा मिळाली की माणसं पाठवण्याआधी आई तिथं एक पूर्ण शिफ्ट स्वतः करायची. झाडू, पोछा, जे काम असेल ते. आपण मालकीण आहोत हे सांगायची नाही. संध्याकाळी परतली की तीन गोष्टी बोलायची: पाणी कुठं प्यायचं, कपडे कुठं बदलायचे, परतीची शेवटची एसटी किती वाजता. यातलं एक जरी जमत नसेल तर काम नाकारायची. अठ्ठावन्नाव्या वर्षीही हे चालूच होतं.

"किती जागा झाल्या असतील गं?"

"कोण मोजते? राईस मिलमध्ये कोंडा नाकात जाते. बिस्किटाच्या कारखान्यात एवढा गोड वास, का घरी आल्यावर जेवण जाये ना." ती स्वतःशीच हसली. "नागपूरले एका मॉलमध्ये बी केला एक दिवस."

माझी बोटं थांबली.

तिनं एक पाकळी नखानं नीट सोलली. "लई गुळगुळीत फरशी होती तिथली. बाया घसरल्या असत्या. नाही पाठवल्या मी. तू पुढं लिही."

मी पुढं लिहिलं.

त्या दिवशी मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मैत्रिणींबरोबर त्या मॉलमध्ये गेले, तर सरकत्या जिन्याजवळ राखाडी गणवेशातली आई पोछा मारत होती. "ती बाई तुझ्याकडे बघून राहिली. ओळखतेस का?" रितानं विचारलं. मी म्हणाले, "नाही." आईनं बादली बाजूला ओढली. "सांभाळून जा बेटा, ओलं हाय," असं आम्हा सगळ्यांना मिळून म्हणाली. चौदा वर्षांत ती त्याबद्दल बोलली नाही, आणि मीही नाही.

"सोमवारी भंडाऱ्याच्या त्या नव्या दवाखान्यात जाते," आई लसणाची सालं गोळा करत म्हणाली. "बारा बाया लागतीन तिथं. सुमनबाईले सांगून ठेव, मी येऊन सांगते."

रविवारी सकाळी पाणी भरता भरता ती ओट्यावर बसली, आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुमनबाई ऑफिसात आली. आसगावच्या रोवणीपासूनची आईची सोबतीण. मी फोनवर होते. दवाखान्याचा सुपरवायझर राजकुमार विचारत होता, "मॅडम, बाया कधी येतील? नाहीतर मी दुसरी एजन्सी बघतो." मी "पाठवते" म्हणणारच होते. पण सुमनबाईला बघून "दहा मिनिटांत सांगते," म्हणून फोन ठेवला.

"कोणं पाह्यली जागा?" सुमनबाईनं विचारलं.

"मोठा दवाखाना आहे, मावशी. सगळ्या सोयी आहेत म्हणतात."

"असन ना. पण बांधीत आधी कोण उतरलं?"

मी फोन टेबलावर उलटा ठेवला.

"तू म्हणशीन तर बाया जातीन. आसगाव-दिघोरीच्या बाराही. तुह्या मायच्या नावावर जातीन. म्हणूनच इचारून राहिली, बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी भंडाऱ्याला गेले. आईचा राखाडी गणवेश मला आखूड होत होता. 'उद्या मीच येते' एवढंच राजकुमारला कळवलं होतं, त्यामुळे त्याला आधी वाटलं, मी तपासणीला आलेय. मी बादली मागितली तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. अकरा वाजेपर्यंत कंबर बोलू लागली. दुपारनंतर हात आपोआप चालायला लागले. कॉलेजच्या मुली कुणाला तरी भेटायला आल्या, फोनमध्ये बघत. "सांभाळून जा बेटा, ओलं आहे," मी म्हणाले. वर न बघता त्या पुढे निघून गेल्या.

सहा वाजता राजकुमारच्या टेबलाशी उभी राहिले. "पाणी ठीक आहे. एसटीही आहे. पण कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही."

"एवढंच? पाठवून तर द्या, बसवू ना मग कडी."

"कडी बसवा. मी येऊन लावून बघेन. मग बाया येतील."

तो हसला. "उद्याच बसवतो, मॅडम." मग त्याला काहीतरी आठवलं. ड्रॉवरमधून त्यानं दोरी लावलेलं एक कार्ड काढलं. "तुमच्याकडच्या एक बाई येणार होत्या, त्या आल्याच नाहीत. कार्ड पडून आहे." त्यावर आईचा फोटो होता, खाली नुसतं 'रत्नमाला'. "कोण ह्या? ओळखता का?"

"माझी आई आहे ती," मी म्हणाले.

आवाज मोठा निघाला. समोरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"माझी आई," मी त्यांनाही सांगितलं. कार्ड गळ्यात घातलं आणि फरशी वाळली नव्हती म्हणून भिंतीच्या कडेनं चालत बाहेर पडले.