बिनवासाची सफाई

व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिनं नळाभोवती घट्ट गुंडाळलं, वर रबर चढवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दोन-तीन तास थांबायचं होतं. पाळणाघराच्या न्हाणीघरातले चारही नळ मलमपट्टी केलेल्या रोग्यांसारखे दिसत होते.

"वॉर्ड भरला," अण्णा दारातूनच म्हणाले.

अण्णा म्हणजे तिचे वडील. एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं ते सफाईचे मुकादम होते. हाताखाली चाळीस माणसं. निवृत्तीनंतरही कुणाच्या घरी गेले की ते आधी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचे आणि ते बोट उजेडात धरून बघायचे. त्यापायी नातेवाईकांनी त्यांना बोलावणंच कमी केलं होतं. लेकीनं सफाईचा व्यवसाय काढला तेव्हा त्यांची छाती फुगली होती; पण ती अ‍ॅसिड, फिनेल, ब्लीच यांतलं काहीच वापरणार नाही हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. साबण, सोडा, व्हिनेगर आणि गरम पाणी एवढ्यावर जग साफ करायला निघाली आहे, असं ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

आज मात्र आपणहून आले होते. तिची कामातली जोडीदारीण तापानं आडवी झाली होती आणि हे काम हातचं घालवायचं नव्हतं. आधीचे सफाईवाले फरशीला इतकं जालीम काहीतरी लावायचे, की सोमवारी सकाळी मुलं डोळे चोळत खोकत बसायची. दोन घरांनी तर आपली मुलं काढून घेतली. तेव्हा पाळणाघराच्या बाईंनी हिला बोलावलं. एक रविवार करून दाखवा, पसंत पडलं तर दर रविवारी या, असं ठरलं होतं.

अण्णांनी बाह्या दुमडल्या आणि पहिल्याच बादलीत सोड्यावर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस वर आला. ते खूश झाले.

"बघ, जोर आहे याच्यात."

तिनं हसू दाबलं. दोन्ही एकत्र केली की एकमेकांना मारतात, उरतं ते नुसतं खारट पाणी, हे तिनं हळूच सांगितलं. सोड्यानं तेलकट, चिकट घासायचं. व्हिनेगर फक्त क्षारांवर. अण्णा बादलीतला विरणारा फेस बघत राहिले. मग त्यांनी बादली मोरीत रिकामी केली आणि पुन्हा एकदाही चुकले नाहीत.

फडक्याच्या आठ घड्या घालून प्रत्येक घडी एकदाच वापरायची, हे मात्र त्यांचं. वरून खाली यायचं, आतून दाराकडे यायचं, हेही त्यांचंच. तिनं पुसून झालेल्या एका कोपऱ्यात त्यांनी नख फिरवलं, काळी रेघ निघाली. ते कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले आणि कोपरा साफ केला. पुढच्या खोलीत ती जुना टूथब्रश घेऊन आधी कोपऱ्यांकडेच गेली.

दुपारी नळांवरची फडकी सोडली तेव्हा वर्षानुवर्षांचे पांढरे क्षार पापुद्र्यांसारखे सुटून आले. अण्णांना नळात स्वतःचं वाकडंतिकडं तोंड दिसलं. पुसण्यासारखं काही नसतानाही त्यांनी तो नळ पुन्हा एकदा पुसला.

चारच्या सुमारास बाई आल्या. खेळणी उचलून पाहिली, खिडकीच्या काचेशी वाकल्या, नळ बघून थबकल्या. सगळं पसंत होतं. मग त्यांनी हवेत नाक फिरवलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. वास कसलाच नाही, म्हणाल्या. पालकांना दारातून आत पाऊल टाकताच सफाई झाल्याचं कळायला हवं. निदान उंबऱ्यापाशी तरी थोडं सुवासिक फिनेल शिंपडाल का?

तिनं एकदा झळझळीत फरशीकडे पाहिलं.

"नाही, बाई. ते हवं असेल तर मला हे काम घेता येणार नाही."

मग अण्णांनी घसा खाकरला.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

लेकीनं मान वळवली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

बंद संडासांत अ‍ॅसिड ओतता ओतता आधी नाक जळायचं, मग नुसतं गळायचं, आणि एक दिवस ते गप्पच झालं, असं त्यांनी सांगितलं. घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. ताट समोर आलं की वास घेतल्यासारखं करायचं आणि मान डोलवायची. ज्याचं नाक चालत नाही, त्या मुकादमाचा शब्द कोण मानणार?

"इस्पितळाची गोष्ट वेगळी, तिथं जालीम औषधं लागतात," ते म्हणाले. "इथं लेकरं रांगतात. फरशीला लावलेला हात तोंडात घालतात. त्यांची नाकं अजून नवी आहेत, बाई. आणि हिनं साफ केलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, बोटांनी बघितलंय. चाळीस माणसांत माझ्याकडे असा हात एकही नव्हता."

बाईंनी वाकून फरशीवर तळवा टेकवला, उलटा करून पाहिला आणि दुसऱ्या हातानं उगाच झटकला. सरळ उभ्या राहून त्यांनी अण्णांनाच विचारलं, की पुढच्या रविवारी किती वाजता येता?

अण्णा एक पाऊल मागे सरले.

"ते मालकीणबाईंना विचारा," ते म्हणाले. "मी यांच्या हाताखाली आहे."

ती हातातलं कोरडं फडकं पिळत राहिली.

"आठ वाजता," ती म्हणाली. "आम्ही दोघं येऊ."