विस्तव जळतो कुणावर?

मी विस्तव बोलतोय. जळणं हा माझा धर्मच. पण एका हरणाच्या कातड्यावर मी जेवढा जळलो, तेवढा कुठल्या लाकडावरही जळलो नसेन.

माणसांच्या अंगावर तेव्हा चिंधीसुद्धा नव्हती. डोंगराच्या कपारीत एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि तान्ही नात राहत. थंडीत सगळे मला खेटून बसत. म्हातारी तर मला लेकरासारखं जपायची. आधी मला काटक्या, मग स्वतःला घास. ऊब म्हणजे मी! माझा तोरा काय सांगू?

हरणाचं कातडं बुडाखाली अंथरायला होतं. ज्यावर लोक बसतात, त्याचा हेवा कोण करणार?

एका हिवाळ्यात मुलगा शिकारीला गेला आणि ओढ्यापलीकडे पाय मुरगळून पडला. त्याच्या हाका ऐकू येत होत्या. सून दोनदा निघाली आणि बोचऱ्या वाऱ्यानं दोनदा दात वाजवत माझ्याकडेच परतली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मला सोडून जाऊन जाऊन जाणार कुठे?

मग तिनं ते कातडं उचललं, खांद्यांवरून घेतलं आणि कमरेला वेलीनं आवळलं.

"अगं, मेलेल्या जनावराचं कातडं अंगावर? वास तरी बघ!" म्हातारी ओरडली.

"वास येऊ दे आई, वारा नको यायला!"

ती गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी तडतडलो, उंच झालो. पण मला कुठले पाय? ते मेलेलं कातडं मात्र तिच्यासोबत ओढा ओलांडून गेलं.

नवरा-बायको परतले ते एकाच कातड्यात. म्हातारी ते चाचपत बसली आणि मला काटक्या घालायला पहिल्यांदाच विसरली.

हळूहळू प्रत्येकाच्या अंगावर कातडं आलं. एकदा नातीचं कातडं बर्फात चिंब भिजलं. सुनेनं ते काठीवर टाकून अगदी माझ्यापुढे धरलं. एक जीभ लांबवली असती, की राख! पण उघडी पोर आजीच्या मांडीवर काकडत होती. मी जीभ आवरली. केसाकेसांत ऊब भरली.

सुनेनं पोरीला गुंडाळलं. पोर खुदकन हसली.

"किती ऊबदार आहे गं हे कातडं!" म्हातारी म्हणाली.

ऊब माझी, नाव त्याचं!

पुढे शिकार दूरच्या थंड मुलखात सरकली, आणि ही माणसंही मागोमाग निघाली. म्हातारी माझ्यापाशी घुटमळली.

"आई, हे घे अंगावर. चल," मुलगा म्हणाला.

तिनं घेतलं. गेली.

आता राखेत एकच निखारा उरलाय. वाटसरूंनो, काटकी टाकून बसणार असाल तर खुशाल बसा. फक्त माझ्याशेजारी बसून त्या अंगावरच्या कपड्याचं कौतुक मला ऐकवू नका.