पंगतीतला पहिला

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आमचं मंडळ जो हॉल भाड्याने घेतं, तिथे यंदा नवं कार्पेट आलं आणि रांगोळीवर बंदी आली. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, दिवाळीच्या दिवसांत हॉल मिळणं मुश्किल, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. फक्त वैभवी म्हणाली, "मग मी टॅबवर काढते. प्रोजेक्टर लावला की वॉलवर दिसेल."

वैभवी माझ्या रविवारच्या मराठी वर्गातली मोठी मुलगी. उन्हाळ्यात मी तिला आमच्या पॅटिओवर पाच बोटांची रांगोळी शिकवली होती. पसरलेल्या रांगोळीतून पाचही बोटं एकदम फिरवायची आणि पाकळीच्या टोकाशी एकेक उचलायची, अंगठा आधी. तेच करणारं ॲप तिने स्वतः लिहिलं. प्रत्येक बोटाला वेगळा रंग.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तालमीला सगळे जमले. वैभवीने पहिली पाकळी काढली, आणि टोकाशी रेघा भलत्याच दिशेला धावल्या. हिरव्याच्या जागी लाल, निळ्याच्या जागी हिरवा, आणि मधून एक आडवी लाल रेघ.

"हे तर आपल्या चौकातल्या राउंडअबाउटसारखं झालं," मंडळाची सेक्रेटरी स्वाती म्हणाली. "कोण कुठून शिरतंय आणि कुठून बाहेर पडतंय, पत्ता नाही! वैभवी, राग नको मानू, पण जेवणानंतरही असंच असेल तर मी छापील रांगोळीची शीट मागवते. दुकान बंद व्हायच्या आत सांगायला हवं."

वैभवी टॅब घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"शैलाआजी, लाईन उडी मारतो. काल घरी छान चालला होता."

"काल किती बोटांनी काढलंस?"

"एकाच. लॅपटॉपवर, माउसने."

तिचे बाबा नकुल, इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरवाले, लगेच पुढे सरकले. "दे इकडे, पाच मिनिटांत बघतो."

"बाबा, नो! तुम्ही केलं तर ते तुमचं होईल."

"नकुल, तू पानं मांड," मी म्हटलं. "वैभवी, पाचही बोटं टेकव. आता नुसती करंगळी उचल."

करंगळीची रेघ थांबली. बाकीच्या चार शहाण्यासारख्या पुढे गेल्या.

"आता पुन्हा टेकव आणि अंगठा उचल."

झालं. चारही रेघांनी रंग बदलले.

"वीअर्ड! शेवटचं उचललं तर ओके. पहिलं उचललं की सगळे वेडे."

"का बरं?"

"आय डोन्ट नो, आजी." तिचे डोळे भरून आले होते. मलाही माहीत नव्हतं, पण अर्धं कोडं तिने सोडवलं होतं एवढं कळलं. "चल, आधी वाढायला लाग," मी म्हटलं. "हात कामात असले की डोकं मोकळं होतं."

तालमीच्या दिवशी आम्ही पंगतच मांडतो, कागदी पत्रावळी का होईना. स्वातीने वैभवीच्या हातात दोन वाट्या दिल्या. "रांगेतल्या पहिल्याला ठेचा, दुसरीला साखर. बाकीच्यांना काही नको."

पहिला होता नकुल, ठेच्यावर जीव टाकणारा. दुसरी सहा वर्षांची सान्वी. पण तेवढ्यात नकुलचा फोन वाजला आणि तो भरल्या पंगतीतून उठला.

"अरे, पंगतीतून उठतात का मध्येच?" कोणीतरी ओरडलं.

"ऑफिसचा आहे हो!"

पंगतीत रिकामी जागा कशी ठेवायची? "सरका रे, सरका," म्हणत आख्खी रांग एकेक पान पुढे सरकली. वैभवी आली ती ॲपच्याच विचारात. पहिल्या पानावर ठेचा, दुसऱ्या पानावर साखर.

सान्वीने बोट चाटलं आणि हॉल दणाणला.

"मला नाही द्यायचा! मी सान्वी आहे ना! मी सरकले तरी सान्वीच आहे!"

तिच्या शेजारी सरकलेला वीर साखरेकडे बघत म्हणाला, "मी घेतो, नो प्रॉब्लेम."

मी सान्वीला दही भरवायला धावले. वळून बघते तर वैभवी वाट्या हातात धरून पुतळ्यासारखी उभी.

"आजी! माझा ॲप पण असंच वाढतो! पहिला, दुसरा, तिसरा. अंगठा उठला की पुढचा बोट पहिला होतो, आणि मी त्यालाच लाल देते!"

"मग काय करायचं?"

"टॅब प्रत्येक बोटाला एक आयडी देतो. बोट उचलेपर्यंत तो चेंज होत नाही. मी तो घेतलाच नाही, नुसता नंबर मोजला." वाट्या माझ्या हातात कोंबून ती पळाली. "सॉरी, सान्वी!"

आमचा ताक-भात संपेपर्यंत ती कोपऱ्यात लॅपटॉपवर टकटक करत होती. मग तिने टॅब प्रोजेक्टरला जोडला. स्वाती फोन हातात घेऊनच उभी होती.

पाच बोटं टेकली. पाच रेघा वळल्या. टोकाशी अंगठा उचलला गेला आणि लाल रेघ तिथेच थांबली. हिरवी हिरवीच राहिली, निळी निळीच. मग एकेक करून सगळ्या थांबल्या आणि भिंतीवर आख्खी पाकळी उमलली.

स्वातीने फोन पर्समध्ये टाकला. "पण मधला ओम मोठा काढ हं."

"पहिली पाकळी मी काढणार," सान्वी म्हणाली. ठेच्याची भरपाई म्हणून ते मान्य झालं.

मागाहून नकुल जेवायला बसला, शिक्षा म्हणून एकटाच. वैभवी वाट्या घेऊन आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"नाव?"

"अगं, बाप आहे तुझा!"

"नाव सांगा, मगच ठेचा."