लाईटबाबाचा चिमटा आणि बनुबाईचं उलथनं

शेवटी जीपचे दिवे बनुबाईच्या उलथन्यानं लागले, आणि त्याच दिव्यांच्या उजेडात लाईटबाबा ओढ्याकडं पळताना सगळ्या गावाला दिसला.

पण हे झालंच नाही असं धरून चालू. उलथनं अजून बनुबाईच्या तव्याशेजारी आहे. बाबा अजून पूज्य आहे. आणि ग्रामसभेला कधी जमलं नाही एवढं आंबेखडक गाव दिवस मावळताना मारुतीच्या पारापुढं एका जीपभोवती जमलं आहे.

जीप सहादेवची. गुडघे गेल्यावर त्यानं स्टेअरिंग मुलीच्या, जयाच्या हाती दिलं होतं. सकाळी माणसं राजूरला न्यायची आणि संध्याकाळची शेवटची खेप घेऊन घाट चढायचा, हे जयाचं काम. बाजारकरी, कॉलेजच्या मुली, एकदा तर वाटेत व्यालेली शेळी आणि तिची दोन करडं. करडांचं भाडं तिनं घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर हेडलाईट गेले आणि शेवटची खेप बंद पडली. बल्ब बदलले, फ्यूज बदलले, राजूरच्या मिस्त्रीनं गाडीला शिव्याही घालून पाहिल्या. दिवे ढिम्म.

जयाचा चुलतभाऊ अमृत. त्या स्टेअरिंगवर त्याचा डोळा जुना. त्यानं कुठूनसे ज्योतनाथ महाराज आणले. गावानं त्यांचं लगेच ‘लाईटबाबा’ केलं. बाबांनी आदल्या दिवशी जीपवर चादर टाकली, बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ ‘गाडीची कुंडली’ पाहिली आणि काळे हात घेऊन बाहेर आले.

“शनी न्हाई, राहू न्हाई,” ते म्हणाले. “बाईचा हात लागलाय. यंत्र कोपलंय.”

म्हणून आज जयानं नारळावर हात ठेवून स्टेअरिंग सोडल्याची शपथ घ्यायची होती आणि किल्ली अमृतला द्यायची होती.

“आधी देवाची मर्जी दावतो!” बाबा गरजले. बॉनेट उघडलं. बाबांनी हातभर लांब लोखंडी चिमटा आत आडवा टेकवला. “ॐ ह्रीं अप्पर, ॐ ह्रीं डीपर, अंधःकार पंक्चर स्वाहा!”

दिवे लख्ख लागले. गाव ओरडलं. पारावरचं कुत्रंही ओरडलं, पण ते नेहमीच ओरडायचं.

चिमटा उचलला. दिवे गेले.

“बघा! देव राजी हाय, पन दोष बाकी हाय. पोरीनं शपथ घेतली की दिवे कायमचे.”

जयाचं लक्ष मात्र चिमट्यावर होतं. बाबांना मध्येच शिंक आली तेव्हा मंत्र थांबला होता, पण दिवे चालू राहिले होते. पुढं मंत्र जोरात असताना चिमटा जरा घसरला, तेव्हा दिवे गेले होते. म्हणजे देवाला मंत्र ऐकू येत नव्हता. त्याला फक्त चिमटा कळत होता.

“घे शपथ, जये,” अमृत म्हणाला. “लोकांना ताटकळत ठिवू नगं.”

“घेते. आत्या, तुझं उलथनं आन.”

“अगं, भाकरी तव्यावर हाय!” पारासमोरच्या घराच्या दारातून बनुबाई ओरडली.

“उलटून आन.”

उलथनं आलं. जयानं त्याचं एक टोक बॅटरीच्या काळ्या वायरीच्या टोकाला लावलं, दुसरं दिव्याशेजारच्या एका बोल्टाला, अगदी जिथं चिमट्याची दोन टोकं टेकत होती तिथंच. आणि मंत्र येत नसल्यानं सतराचा पाढा म्हटला. सतरा साते एकशे तेवीस म्हणाली. चुकला. दिवे तरीही लख्ख.

सगळं गाव उलथन्याकडं बघू लागलं. बाबा मात्र तयारीचा माणूस.

“पोरीत देवी संचारली!” त्यानं हात जोडले. मागोमाग पन्नासेक हात जोडले गेले. सहादेवनं टोपी काढली.

“आबा, टोपी घाला. संचारलाय तो गंज,” जया वैतागली. “अमृतदादा, तू धर उलथनं. तुझ्यात तर काय बी संचारायची भीती न्हाई.”

अमृतनं धरलं. दिवे लागले. आता अमृतमध्ये देवी आली म्हणायची हिंमत बाबालाही झाली नाही. तो पार ओलांडून निघाला, आणि पुढचं दृश्य आपण न घडल्याचं ठरवून बसलो आहोत.

जयानं उलथन्याच्या कडेनं बोल्ट खरवडला. आधी हळद-कुंकवाची खपली निघाली, खाली लालभडक गंज.

“वीज दिव्यापत्तुर जाती, पन तिला बॅटरीकडं परत यायला बी वाट लागती. ती वाट ह्या बोल्टातनं. वाटच कुजली. चिमटा म्हंजी ओढ्यावरचा साकव, दुसरं काय न्हाई.”

“पन गंजायला पानी कुठनं आलं तिथं?” बनुबाईनं विचारलं.

सहादेव खाली बघू लागला. दर अमावस्येला बॉनेट उघडून, नारळ फोडून तो पाणी तिथंच ओतायचा. वर हळद, कुंकू.

“पोर घाट चालवती,” तो पुटपुटला. “दृष्ट लागू नये म्हनून…”

“म्हंजी नारळानंच घात केला,” जया म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. “माया हाय ना आबा, मग नारळ फोडा नि खोबरं मला द्या. पानी तुमी प्या. बोल्टाला नगं.”

बोल्ट घासून आवळला. उलथनं काढलं, तरी दिवे चालूच राहिले. जयानं किल्ली फिरवली आणि राजूरला अडकलेल्या माणसांना आणायला गेली.

तात्पर्य सोपं आहे. दिवा गेला तर आधी बल्ब बघा, मग फ्यूज, मग वायर, मग बोल्ट. एवढं सगळं बघूनही काही सापडलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून बघा. बाईचा हात या यादीत कुठंच येत नाही.

गावाला हे पटलं. इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी बनुबाईचं उलथनं हळद-कुंकू लावून मारुतीशेजारी बसवण्यात आलं.

सबब, मौजे आंबेखडक येथील समस्त ग्रामस्थांस बनुबाई यांच्यातर्फे विनंती करण्यात येते की, सदर उलथनं हे जागृत नसून बिडाच्या तव्याचं आहे. अर्जदाराची बोटं रोज भाजत आहेत. तरी त्यावर नारळ फोडणे तात्काळ थांबवून ते धुऊन, पुसून, आजच्या भाकरीआधी परत करण्यात यावे. कळावे.