डावी बाजू

शुक्रवारी मी मारते आणि शनिवारी आई तेल लावते. आमच्या घरातल्या दोघींची कामं अशी वाटली गेली आहेत. आईला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे, असं मी सहा महिने धरून चालले होते.

आईच्या लेखी मी शरियत खात्यात कारकून आहे. तशी आहेच. चार दिवस मी टेबलाशी बसते, तंग पँट घातलेल्या पोरींकडून हमीपत्रं लिहून घेते आणि त्यांच्या आयांची बोलणी खाते. पाचव्या दिवशी कुणा बाईला शिक्षा असली की तपकिरी झगा चढवते. त्यात डोळे सोडून काही दिसत नाही. पूर्वी बायकांनाही पुरुषच मारायचे. मग वरच्या कुणालातरी वाटलं, हे शोभत नाही, बाईला बाईनंच मारावं. साहेबांनी आम्हा कंत्राटी बायकांना रांगेत उभं केलं आणि विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग ते म्हणाले, जी तयार होईल तिला कायम करू. मी हात वर केला. कायम अजून केलेलं नाही.

पहिल्या वेळी मला उलटी झाली. दुसऱ्या वेळी झाली नाही, आणि तेव्हापासून काही होतच नाही.

आईला कळू नये, एवढंच मला जपायचं होतं. आई मालिशवाली. बाळंतिणी येतात, पाय मुरगळलेले येतात, आणि वेत खाल्लेल्या बायकाही तिच्याकडेच येतात; दवाखान्यात जायची त्यांना लाज वाटते. इंडोनेशियातल्या आमच्या आचे प्रांतात घर मुलीचं असतं. माझं लग्न झालं की हे घर आई माझ्या नावावर करणार. खांबांवर उभारलेल्या त्याच घराखाली, खांबांमधल्या सावलीत, मी मारलेल्या पाठी चटईवर पालथ्या पडतात. कळलं तरी घर ती देईल, रिवाज ती मोडायची नाही. पण माझ्याशी बोलेल की नाही, याची मला भीती वाटायची. वाटण्यासारखं माझ्यात तेवढंच उरलं होतं.

लहानपणी मी डावखुरी होते. डाव्या हातानं घास उचलला की आई त्या बोटांना मिरची चोळायची. "धुवायचा हात तोंडात घालतेस? माणसाची जात आहेस की सैतानाची?" शाळेत जाईपर्यंत मी सरळ झाले. जेवते, लिहिते, सलाम करते, सगळं उजव्यानं. पण वेत उजव्या हातात धरला की टोक भलतीकडेच जायचं. शिकवणारे साहेब वैतागले. "ज्यानं जमतंय त्यानं मार ना बाई! झग्यात तुला ओळखतंय कोण?" म्हणून मी वेत डाव्या हातात धरते आणि बाकीचे उभे राहतात त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते.

त्या शुक्रवारी नुरमाला होती. बाजारात भात-मासळीची खानावळ चालवणारी विधवा. दुपारी शटर अर्धं ओढून कॉफीवाल्या माणसाबरोबर जेवत बसलेली सापडली. गावातल्या वडीलधाऱ्यांनी तोड काढली होती: दोघांनी निकाह लावून घ्यावा, प्रकरण गावातच मिटेल. नुरमाला म्हणाली, "एका नवऱ्याची उष्टी काढून झाली. आता ह्याची कोण काढणार?" वडीलधाऱ्यांना हसू आलं, पण हसता येईना, म्हणून त्यांनी प्रकरण वर पाठवलं. आठ फटके ठरले. कोठडीतल्या महिन्याचा एक वजा झाला.

नमाज सुटल्यावर मशिदीच्या आवारात गर्दी जमली. सगळ्यांचे मोबाइल वर. पांढऱ्या कपड्यात ती गुडघ्यांवर बसली. मी तिच्या उजवीकडे उभी राहिले. तिसऱ्या फटक्यानंतर डॉक्टरनं विचारलं, "सोसवेल ना?" ती म्हणाली, "आटपा एकदाचं. माझा भात चुलीवर आहे." चुलीवर काही नव्हतं, खानावळीला कुलूप होतं. मला तिचं हसू आलं नाही की कीव आली नाही. घरी वाळत घातलेली मासळी मांजर नेईल, हे तेवढं मनात येत होतं. सात झाले. मी वेत परत दिला.

शनिवारी ती आली. मी वरून खाली उतरले तेव्हा ती चटईवर पालथी पडली होती आणि आई तेल कोमट करत होती.

"ही कोण गं, मावशी?"

"माझी लेक, युसनिदार. शरियतच्या हापिसात असते."

"हापिसात! मग उद्या मलाच पकडायला यायची." नुरमाला चटईत तोंड खुपसून हसली.

आईनं तिची पाठ उघडी केली आणि बोटांनी चाचपली. "परत डावी बाजू," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली.

"म्हणजे काय?"

"वेताचं टोक जिथं पडतं तिथं जास्त सुजतं. आधी सगळ्यांची उजवी बाजू सुजलेली असायची. सहा महिने झाले, बायकांची डावी सुजते. मारणारी डावखुरी आहे."

नुरमाला एकदम उठून बसली. कपडा छातीशी धरलेला, तोंड लाल. "डाव्या हातानं? मला डाव्या हातानं मारलं?"

"पड गं, तेल सांडेल."

"सात खाल्ले, मावशी. डोळ्यातून टिपूस काढलं नाही. म्हटलं, कायदा आहे, असू दे. पण ज्या हातानं ढुंगण धुवायचं त्या हातानं? मी काय कुत्री आहे?" आणि ती रडायला लागली. आवारात सगळ्यांसमोर जी रडली नाही, ती आमच्या चटईवर हुंदके देऊन रडली.

आईनं तिला पुन्हा पालथं निजवलं, डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"माझे हात दुखतात. तू चोळ. उजव्या हातानं."

सहा महिने. पहिल्या बाईपासून तिला ठाऊक होतं. रोज ती मला जेवायला वाढत होती आणि मी उजव्या हातानं जेवत होते.

मी बसले. उजवा हात तेलात बुडवला आणि नुरमालाच्या डाव्या बरगडीवर ठेवला. त्या हातात पहिल्यापासून जोरच नाही. वळ हाताला गरम लागत होते. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी लागत होतं.

हळूहळू नुरमालाचे हुंदके थांबले. "हिचा हात हलका आहे, मावशी," ती म्हणाली. "हिला तुझं काम का नाही शिकवलंस?"

"शिकवलं होतं," आई म्हणाली. "एकच हात शिकला."

मी चोळत राहिले.