'इतर' नावाचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फळा आहे. ठाण्याच्या सुताराने मला घडवलं आणि अठराशे ब्याऐंशी साली कल्याणच्या एका कचेरीत मला टांगलं. आज अडगळीत पडलो आहे, त्याचं मला काही नाही. पण एका रकान्याची आठवण झाली की अजूनही अंगाचा तिळपापड होतो.

माझ्यावर चार रकाने होते: ताप, देवी, पटकी आणि इतर. पटकी म्हणजे तुमचा कॉलरा, घाण पाण्यातून पसरणारा. आसपासच्या पाच गावांत कोणी दगावलं की कारकून त्र्यंबकराव त्या कारणाच्या रकान्यात एक रेघ मारत, खालून वर. या रेघांची संख्या म्हणजे तुमच्या पुस्तकातली वारंवारता. जिथे रेघांची चळत उंच, तिथे रोग मोठा; तुमचा स्तंभालेख हेच तर सांगतो. एक माणूस, एकच रकाना. इतकं साधं! पण साधं काम सरळ करतील तर शपथ.

कोपरचा पाटील महिपत दर आठवड्याला येई. "सहा गेली," म्हणे. कशाने, असं विचारलं की अळीमिळी गुपचिळी.

"त्याचा नाव घेव नये, भाऊसाहेब. नाव घेतला का ती घरान शिरते."

पटकीचं नाव उच्चारायचं नाही, ही गावाची रीत. त्र्यंबकरावांनी तरी खोदून विचारावं? छे! सहाही रेघा 'इतर'मध्ये.

मग ठाण्याहून डॉक्टर तपासणीला आले. साठ रेघांपैकी पटकीच्या दोन आणि 'इतर'च्या एकोणचाळीस, म्हणजे शेकडा पासष्ट!

"पटकी दोनच? मग कोपरची विहीर बंद करायचं कारण नाही," म्हणाले आणि निघून गेले. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अहो, अर्ध्याहून जास्त माणसं ज्या रकान्यात आहेत, तो उकलून तर बघा!

नऊ दिवसांनी कोपरची कलावती नावाची बाई थेट आत आली.

"माजी थोरली पोर कंच्या घरान लिवली?"

त्र्यंबकरावांनी 'इतर' दाखवलं.

"इतर म्हंजे काय? उलट्या-जुलाबांनी गेली. पटकीनी गेली! घेतला मी नाव. आता ती विहीर बंद करा. धाकली नंदा तिथलाच पानी पिते."

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी महिपतला आणि बाकीच्या पाटलांना बोलावलं. रोगाचं नाव विचारलंच नाही. माणसाला काय काय झालं होतं, एवढंच विचारलं. तेव्हा सगळे घडाघडा बोलले. 'इतर'मधल्या शेहेचाळीस रेघांपैकी तेहतीस पटकीत गेल्या. दुसऱ्या दिवशी विहीर बंद झाली.

नंदा वाचली. मित्रांनो, वर्ग पाडाल तेव्हा 'इतर' सगळ्यात शेवटी ठेवा, आणि तो फुगला तर आधी त्याच्यातच शोधा. डॉक्टर ठाण्याला परत गेल्यानंतर त्या रकान्यात सात रेघा वाढल्या होत्या. कलावतीच सांगत होती, ते गेले त्या सकाळी तिची थोरली धडधाकट होती आणि विहिरीवर पाणी भरत होती.